सहा झाकणांची बॅटरी

८ एप्रिल, मंगळवार

आज गाडीने दगा दिला. ह्यांना हाताला धरून चौतीस पायऱ्या उतरवलं, पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, किल्ली फिरवली, तर नुसतं कटकटकट. पुन्हा फिरवली, तर तेही बंद. हे समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "बॅटरी गेली." मला जसं कळलंच नव्हतं. छत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली आहेत मी, बॅटरी गेलेली मला कळते. पाच वर्षांची म्हातारी बॅटरी होती, कधीतरी जाणारच होती.

व्यायामाच्या दवाखान्यात रिक्षाने गेलो. ह्यांचा डावा पाय आत घेता घेता मला आणि रिक्षावाल्याला घाम फुटला. चौदा महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार हे आमचे व्यायामाचे वार. गाडी मी चालवते. बासष्टाव्या वर्षी शिकले. शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, या वयात कशाला?" तिसऱ्या आठवड्यात त्याने हा प्रश्न सोडून दिला.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. त्याचं ठरलेलं आहे, गाडी विका, घर बंद करा, आमच्याकडे या, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्टचं कौतुक मी वर्षभर ऐकते आहे. मी म्हटलं, "तू चार मेला येतोयस ना? तोपर्यंत गाडी पुन्हा अडली तर मी स्वतः तुझ्या हातात किल्ली देते आणि बॅग भरते. नाही अडली तर लिफ्टचं नाव काढायचं नाही." तो हसला. म्हणाला, "आई, पैज लावायचं वय आहे का तुझं?" म्हटलं, "वय माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी बघते."

ही वही कॉलेजातली उरलेली आहे. प्रयोगाच्या वहीत उजवं पान रेघांचं असतं आणि डावं कोरं. उजवीकडे घडलेलं लिहीन, डावीकडे आकडे.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून दुसऱ्या चष्म्यातून मोबाइल बघत होता. गाडीचं नाव सांगितलं तर म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." म्हटलं, साहेबांना रसायन कधीच समजलं नाही, मला सांगा.

त्याने मोठ्ठी बॅटरी काढली. म्हणे, ताकद जास्त. गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवली. पुस्तिकेत जेवढी क्षमता लिहिली आहे तेवढीच हवी, मोठी घेतली तर खाली बसायची नाही आणि बसवली तर पट्टी लागायची नाही. मग योग्य आकाराची आणली. तिचं धन टोक नको त्या बाजूला. आमच्या गाडीची तार तिथपर्यंत पोचणार नव्हती. तार ओढून बघू म्हणाला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे, तेव्हा परत आत गेला. तिसरी आणली, तिच्यावरची बनावटीची तारीख शोधायला मला त्याचाच कपाळावरचा चष्मा मागावा लागला. नऊ महिने फळीवर पडून होती. न वापरता ठेवलेली बॅटरी आतून झिजत जाते. ती पण परत.

चौथी दोन महिन्यांपूर्वीची, बेताची, टोकं बरोबर. पण वरून सीलबंद. "हिला काही बघावं लागत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला बघायचंय. झाकणाची द्या." सहा झाकणांची बॅटरी आता कोणी मागत नाही म्हणे. जिच्या पोटात डोकावता येत नाही तिच्यावर मी विश्वास कसा ठेवू? सीलबंद बॅटरी एक दिवस अचानक बंद पडते आणि शेवटपर्यंत काही सांगत नाही. झाकणाची असली की हायड्रोमीटरने आम्ल ओढून बघता येतं, सहा घरांपैकी कुठलं आजारी आहे ते आधी कळतं. माळ्यावरून त्याने एक काढून दिली, सहा आठवड्यांची. देताना बजावलं, "पाणी घालायला विसरलात तर माझ्याकडे येऊ नका, काकू."

मी विसरत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

बसवली. दहा नंबरचा पाना, जुने हातमोजे, एक वाटी खायचा सोडा. आधी ऋण टोक सोडवायचं, मग धन. लावताना आधी धन, ऋण शेवटी. उलट केलं आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. जुन्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी चढली होती, सोड्याच्या पाण्याने फसफसून निघाली. पुसून कोरडं केलं, घट्ट आवळलं, वरून व्हॅसलीन चोपडलं. इमारतीचा रखवालदार खुर्ची आणून बसला होता बघायला. किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या फिरकीत सुरू झाली. वर बघितलं तर हे खिडकीत उभे. शाबास म्हणाले नाहीत. जेवताना म्हणाले, "पट्टी आवळलीस ना? बॅटरी हलता कामा नये." म्हणजे शाबासच.

पहिली सोळा वर्षं ह्या गाडीच्या बॉनेटला मी हात लावला नव्हता. ह्यांनी लावूच दिला नाही. आता दिवसातून दोनदा उघडते. मला आवडतं हे, लपवून काय करायचंय.

१४ एप्रिल, सोमवार

रोज सकाळ-संध्याकाळ हायड्रोमीटरने आकडे घेते आहे. सकाळचा अगदी सुरेख होता. आज कॉलेजचा वार. जयंतीची सुट्टी असली तरी परीक्षेच्या मांडणीसाठी बोलावलं होतं. निवृत्तीनंतरही सोमवार, बुधवार, शुक्रवार दीड ते पाच मी प्रात्यक्षिकांची मांडणी करायला जाते, बसने, कारण तिथे गाडी लावायला जागा नाही. परत आल्यावर आकडा उतरलेला. गाडी तर जागेवरून हलली नव्हती. ऊन फार होतं, उन्हाने असेल.

ह्यांना आज संध्याकाळी सडकून भूक लागली. दोन पोळ्यांच्या पाच झाल्या.

१६ एप्रिल, बुधवार

पुन्हा उतरला. उद्या गाडी तासभर फिरवून आणते. ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली वाटली, माझा पाय ब्रेकवर नीट पोचेना. कंबर आखडली आहे की काय देव जाणे.

१९ एप्रिल, शनिवार

मेली. नवी कोरी बॅटरी, नवव्या दिवशी कटकटसुद्धा केलं नाही. गुरुवारी भरपूर फिरवली होती, शुक्रवारी सकाळचा आकडा उत्तम. संध्याकाळी बघायचं राहून गेलं, डोकं दुखत होतं.

पुन्हा रिक्षा, पुन्हा डावा पाय, पुन्हा रिक्षावाल्याचे उपदेश. दवाखान्यात मात्र एक चांगली गोष्ट झाली. व्यायाम घेणारी मुलगी ह्यांचा पाय दाबून बघता बघता थांबली. म्हणाली, "काकू, टाच टेकवून पंजाने दाबायची ताकद कुठून आली? हा व्यायाम मी दिलेला नाही." मी घरी रोज सकाळी अर्धा तास घेते त्याचा गुण असणार. हे छताकडे बघत होते. मी म्हटलं, "सांगा की त्यांना, घरी कोण घेतं ते." म्हणाले, "हीच घेते."

चिरंजीवांना फोन करून मीच सांगितलं. लपवाछपवी माझ्याकडे नाही. पण हेही सांगितलं की बॅटरी सदोष निघाली, हे पैजेत धरायचं नाही. तो पैजेवर हसला नाही. "आई, तू बरी आहेस ना?" असं विचारलं. बॅटरी बिघडली तर मी बरी आहे का, हे काय विचारणं झालं?

२१ एप्रिल, सोमवार

रखवालदाराने बॅटरी उचलून रिक्षात ठेवली. दुकानात नेली. दोन चष्मेवाल्याला आकड्यांचं डावं पान दाखवलं. त्याने चष्मा खाली घेऊन बघितलं, पहिल्यांदाच नीट. चार्ज करून, भार टाकून तपासतो म्हणाला. दोन दिवस लागतील. सदोष असेल तर बदलून देईन. द्यावीच लागेल, पावती आहे.

२३ एप्रिल, बुधवार

बॅटरी ठणठणीत आहे.

असं तो म्हणाला. सहाही घरं सारखी, भार टाकला तरी मान टाकत नाही. मग हळू आवाजात, दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं म्हणून, "काकू, घरी कोणीतरी किल्ली चालू ठेवतंय. दिवा नाहीतर पंखा. होतं असं या वयात, माझी आईपण." मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. गाडी मी एकटी चालवते. माझी किल्ली माझ्या पर्समध्ये असते, दुसरी ह्यांच्या टेबलाच्या खणात चौदा महिने पडून आहे. तेव्हा कोणीतरी म्हणजे कोण, हे तो न सांगता सांगत होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी किल्ली चालू ठेवत नाही.

घरी येऊन बसवली. आज कॉलेजला गेले नाही, निरोप पाठवला. ह्यांनी दोनदा विचारलं, "आज जात नाहीस?" आजारी पडायचीही सोय नाही मला.

२४ एप्रिल, गुरुवार

चिरंजीवांनी दुकानदाराला फोन केला होता. पावतीवरचा नंबर मीच पाठवला होता त्याला, हात दाखवून अवलक्षण. आता त्याचा मला फोन. हळू, समजुतीचा आवाज, जो तो कामाच्या ठिकाणी वापरतो.

"आई, रागावू नकोस. गॅस चालू राहिलाय का कधी?"

"नाही."

"दाराला कुलूप लावायचं?"

"नाही."

"बाबांच्या गोळ्या दोनदा दिल्या, किंवा दिल्याच नाहीत?"

मी ठेवून दिला फोन. ठेवला आणि मग आठवलं, गेल्या आठवड्यात भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. हे गुपचूप खात होते, मीच पहिल्या घासाला ओळखलं. आणि ती सीट. सीट मी मागे केली नव्हती, किंवा केली आणि मला आठवत नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. ती तर चष्मा फ्रीजमध्ये ठेवायची.

हे दाराशी उभे होते, काठी धरून. सगळं ऐकलं असणार, कारण फोन मी मोठ्या आवाजावर ठेवते. मी म्हटलं, "ऐकलंत? तुमच्या मुलाच्या मते मी वेडी झाले." वाटलं होतं हे म्हणतील, काहीतरीच बोलतो तो. हे मागे वळले. न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

म्हणजे ह्यांनाही तसंच वाटतं. इतकं वाईट मला गाडी बंद पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

२६ एप्रिल, शनिवार

गाडी सुरू झाली. रडतखडत, पण झाली. दवाखान्यात गेलो, आलो.

दुपारी हे झोपले होते तेव्हा डावी पानं पुढ्यात घेऊन बसले. आकडे खोटं बोलत नाहीत. घसरण रोज होत नाही. सोमवारी होते, बुधवारी होते, शुक्रवारी होते. मी घरी राहिले त्या बुधवारी झाली नाही. रविवारी कधीच नाही. तीन वार, तेच तीन.

कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग उलगडलं. हे माझे कॉलेजचे वार. त्या दिवशी सकाळी मी आकडा घेते, गाडी एकदा सुरू करून बघते, मग स्वयंपाक, ह्यांचं जेवण, बस. घाईत असते. घाईत एखादा दिवा चालू राहत असणार. अनुमान: मीच विसरते.

विद्यार्थ्यांना मी छत्तीस वर्षं सांगत आले, उत्तर आवडलं नाही म्हणून निरीक्षण खोडायचं नाही. खोडत नाही. पण एका अनुमानावर प्रयोग थांबवायचाही नसतो. अजून आठ दिवस आहेत. बिघाड माझ्यात असेल तर तो मी शोधेन, मुलाने शोधून दिलेला मी घेणार नाही.

२८ एप्रिल, सोमवार

प्रयोग पहिला. बॅटरी पुरती भरून घेतली होती. निघण्यापूर्वी ऋण टोक सोडवून ठेवलं. आता मी काहीही चालू ठेवलेलं असो, वीज जाणार कुठून? परत आल्यावर आकडा जसाच्या तसा, केसभरही फरक नाही. बॅटरी निर्दोष. दोन चष्मेवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

हे आज चिडचिडे होते, जेवलेही कमी. म्हणाले, "बॅटरीची तार काढून ठेवलीस का?" म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "बॉनेट उघडलेलं दिसलं खिडकीतून." ह्यांची नजर अजून चांगली आहे, तेवढं एक सुख.

३० एप्रिल, बुधवार

हे सगळं लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून संध्याकाळीच बसले आहे. स्वयंपाक पडलाय.

प्रयोग दुसरा. आज तार लावलेली ठेवली. दिवे, पंखा, किल्ली, दारं, एकेक हाताने तपासलं आणि कागदावर वेळ घालून सही केली. माझी स्वतःची सही, म्हणजे उद्या मला माझ्याशीच वाद घालता येणार नाही. मग ह्यांना "येते हं" म्हणून निघाले, पण बसला गेले नाही. रस्त्यापलीकडे वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, तिथून आमच्या इमारतीखालची गाडी सरळ दिसते. दुकानदाराला म्हटलं, ऊन लागलंय, जरा बसते. मनात होतं, कोणी चोर असेल, एखादा टपोरी गाडीत येऊन बसत असेल. खरं सांगायचं तर मी देवाला चोर मागत होते.

दोनला दहा मिनिटं कमी असताना जिन्याच्या दारातून हे बाहेर आले.

एकटे. अंगात धुतलेला शर्ट, डाव्या बगलेत काठी, उजवा हात भिंतीवर. चौतीस पायऱ्या उतरून. मी रोज ज्यांना एकेका पायरीला "आता डावा, आता उजवा" सांगते ते. रखवालदार उठून सलाम करून पुन्हा बसला, म्हणजे त्यालाही सवयीचं. गाडीचं दार उघडलं, आधी वाकून सीट मागे सरकवली, मग बसले. डावा पाय उजव्या हाताने उचलून आत घेतला.

मी हलले नाही. पंधरा मिनिटं तरी. दुकानदाराने पाणी आणून दिलं, म्हणाला, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, फार बरं वाटतंय. खरंच वाटत होतं. नवरा चौतीस पायऱ्या उतरला होता.

मग रस्ता ओलांडून गेले. काचा वर, आतला पंखा जोरात चालू, त्या आवाजात त्यांना मी ऐकूच आले नाही. डाव्या पायाने क्लच दाबत होते, सोडत होते, ओठांनी मोजत होते. एकशे अकरा, एकशे बारा. घाम गळत होता. मी काचेवर टिचकी मारली.

पंखा बंद करायलाही विसरले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस. डॉक्टर गाडी चालवायला नाही म्हणाले, तूही नाही म्हणाली असतीस."

हे खरं आहे. मी नाहीच म्हटलं असतं. पण मला राहवलं नाही आणि मी विचारलं, "आणि त्या दिवशी फोनवर तो मला गॅस आणि गोळ्या विचारत होता, तेव्हा? तुम्ही दारात होतात."

हे स्टिअरिंग धरून बसले. "सांगणार होतो."

"कधी?"

ह्यांनी हात पुढे करून पंखा बंद केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तर झालंच. सगळ्या कारणांची यादी केली मी, ऊन, गळती, दुकानदार, मी स्वतः, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव यादीत घातलंच नाही, कारण तो खाली उतरू शकत नाही हे मी ठरवून टाकलं होतं. ही माझी चूक, मी लिहून ठेवते. पण मी आठवडाभर स्वतःच्या डोक्याला घाबरून जगले आणि ह्यांनी जगू दिलं. पंख्याच्या गार वाऱ्यासाठी आणि क्लचसाठी. ही चूक माझी नाही.

त्यांना मी वर आणलं नाही. मी पुढे आले, ते मागून आले.

२ मे, शुक्रवार

बोलत नाही मी. गोळ्या वेळेवर देते, जेवण वाढते, व्यायाम घेते. बोलत नाही. आज कॉलेजला गेले. संध्याकाळचा आकडा सकाळचाच. हे खाली गेले नाहीत.

परत आले तर टेबलावर दुसरी किल्ली ठेवलेली होती, माझ्या ताटाच्या जागी. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि ताट मांडलं. किल्ली नकोय मला. काय हवंय ते ह्यांना ठाऊक आहे.

४ मे, रविवार

चिरंजीव आले. आल्या आल्या मला जवळ घेतलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मी आजारी असल्यासारखी माझी पाठ थोपटली. चहा होताच म्हणाला, "उद्या दहाला वेळ घेतली आहे. चांगले डॉक्टर आहेत, नुसते प्रश्न विचारतात, स्मरणशक्तीचे. बाबांनाही घेऊन जाऊ." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बशीकडे बघत होते.

एका वाक्यात मला सगळं सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण मी सांगितलं तर ती माझी सफाई होईल, आणि हे मान हलवून मोकळे होतील. अडतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या वतीने पुष्कळ बोलले, नातेवाइकांशी, बँकेत, डॉक्टरांशी. ह्या वेळी मी नाही बोलणार. ह्यांना उद्या सकाळी दहापर्यंत मुदत आहे. नाहीच बोलले तर मी त्या डॉक्टरांपुढे जाऊन बसेन, सगळी उत्तरं बरोबर देईन, आणि मग लिफ्टवाल्या घरी जायचं की नाही ते मी एकटीच ठरवेन.

५ मे, सोमवार

साडेनऊला मी पर्स घेतली. म्हटलं, "गाडीने जाऊ." चिरंजीव म्हणाले, "सुरू झाली तर." मी चपला घातल्या.

जिन्याच्या तोंडाशी रोज मी डावा हात पुढे करते आणि हे तो धरतात. आज केला नाही. सतरा पायऱ्या उतरून मधल्या वळणावर जाऊन उभी राहिले. वर बाप-लेक. मुलगा त्यांचा दंड धरायला गेला तसं मी म्हटलं, "त्यांना धरू नकोस."

"आई, पडतील ते."

"नाही पडणार."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की दहाच्या डॉक्टरांची गरजच नाही, निदान झालं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता ह्यांना, "धर रे." क्लच राहिला असता, दुपार राहिली असती, सगळं राहिलं असतं, फक्त माझं डोकं गेलं असतं. आणि मला वाटलं, हे म्हणणार. इतकी वर्षं एका ताटात जेवूनही मला खात्री नव्हती, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ह्यांनी मुलाचा हात सोडवला, काठी बगलेत मारली, कठडा धरला आणि उतरायला लागले. भराभरा नाही, पण न थांबता. मुलगा मागून दोन्ही हात पसरून येत होता, तोंड उघडं. वळणावर माझ्याशेजारून गेले तेव्हा धाप लागली होती, तरी थांबले नाहीत. शेवटची पायरी उतरून वळले, श्वास सावरला आणि म्हणाले,

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मी असाच उतरतो. गाडीत बसून पाय चालवतो, पंखा लावतो. बॅटरी मी संपवली. तुझी आई एकदाही काही विसरलेली नाही. तू तिला फोनवर गोळ्या विचारत होतास तेव्हा मी दारात उभा होतो आणि गप्प बसलो. मला गाडी सुटेल अशी भीती वाटत होती." मग माझ्याकडे वळून, मुलासमोर, रखवालदारासमोर, "चुकलो मी. फार चुकलो."

चिरंजीव पायरीवर बसले. मग त्याला राग आला, आणि रागावल्यावर तो बापासारखाच लाल होतो. "बाबा, तुम्ही गाडी चालवायला निघाला होतात? आई, दोन्ही किल्ल्या इकडे दे. गाडी आजच विकायची."

"किल्ल्या माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील," मी म्हटलं. "इतके दिवस तुला माझ्या डोक्याची काळजी होती ना? ते शाबूत आहे. आता त्याचं ऐक. आधी त्या डॉक्टरांना फोन कर, आणि कारण विचारलं तर सांग."

"काय सांगू?"

"गरज नाही म्हणून सांग. माझी चूक झाली, हेही सांगितलंस तर बरं."

त्याने केला फोन. माझ्यासमोर, मोठ्या आवाजावर. चूक झाली असं नाही म्हणाला, "गैरसमज झाला" म्हणाला. मुलगा कोणाचा आहे.

गाडी अर्ध्या फिरकीत सुरू झाली. मुलगा मागे बसला, हे पुढे, आणि मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, कारण बॅटरीला आठवड्यातून एकदा लांबची फेरी लागते. पैजेचं मी काढलं नाही. घरी परतताना त्यानेच काढलं. म्हणाला, "एकदा अडली होती गाडी. तसं बघितलं तर तू हरलीस." म्हटलं, "तसं बघू नकोस." लिफ्टचं नाव मात्र त्याने घेतलं नाही.

माझा राग गेलेला नाही. ह्यांनी माफी मागितली ती चारचौघांत मागितली, ते मी जमेस धरलंय, पण त्या आठवड्याची भीती अजून माझ्या अंगात आहे आणि ती जाईल तेव्हा जाईल. परवा बुधवार. कॉलेजला उशिरा येईन म्हणून कळवलं आहे. दीड वाजता मी गाडी मोकळ्या जागेत काढणार, इंजिन चालू ठेवणार, म्हणजे पंखा कितीही चालवला तरी बॅटरीचं काही जात नाही. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसतील, गिअर न टाकता दोनशे वेळा क्लच दाबतील, आणि शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून मी बसेन. डॉक्टर नाही म्हणाले तर डॉक्टरांना मी आकडे दाखवेन. खाली मात्र त्यांचे ते उतरतील. हात हवा असेल तर त्यांनी तोंड उघडून मागायचा.